बंदूक कार्डने घेतली तर बँकेला काय कळतं? ५७२३ हा कोड आणि अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे डॅलसजवळ राहतात, ग्रीन कार्ड झालेलं आहे. ऑफिसातल्या मित्रांबरोबर क्ले शूटिंगला (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायचा खेळ) जाता जाता गोडी लागली आणि आता स्वतःची शॉटगन घ्यायची आहे. एक मित्र म्हणतो, क्रेडिट कार्डने अजिबात घेऊ नकोस, बँक सरकारला कळवते. दुसरा म्हणतो, टेक्सासमध्ये त्याविरुद्ध कायदा झालाय, बिनधास्त घे. वर्षभरात नोकरीसाठी सॅन होजेला जावं लागेल आणि तिथे म्हणे बरोबर उलटा कायदा आहे. घरात धाकटा भाऊही राहतो, तो एच-वन बी व्हिसावर आहे. यातलं खरं काय आणि काळजी कशाची करायची?

कार्ड स्वीकारणाऱ्या दुकानांच्या बाजूच्या बँकांसाठी नियमपालनाचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यामुळे आतून काय दिसतं ते सांगतो. मला जे उमगलं ते आधीच सांगून टाकतो: टेक्सासचा कायदा एका चार आकडी कोडला बंदी घालतो. तुमच्या खरेदीची माहिती त्याने झाकली जात नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा तोच कोड सक्तीचा करतो, पण त्यामुळे बँकेला तुमच्याबद्दल फारसं नवीन काही कळत नाही. दोन्हीकडचे पुढारी या चार आकड्यांना त्यांच्या कुवतीपेक्षा बरंच मोठं करून दाखवतात.

आधी कोड म्हणजे काय ते बघू. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला त्याची बँक, म्हणजे ज्या बँकेमार्फत दुकानदाराला पैसे मिळतात ती, धंद्याच्या प्रकारानुसार एक चार आकडी कोड लावते. किराणा ५४११, रेस्टॉरंट ५८१२, जुगार ७९९५. हे कोड आयएसओ १८२४५ या आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत. दुकानदाराला किती शुल्क पडणार, तुम्हाला किराण्यावर जास्त कॅशबॅक मिळणार की नाही, करखात्याला कोणते फॉर्म जाणार, धंदा जोखमीचा आहे का, हे सगळं या कोडवरून ठरतं. इथली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोड दुकानाला लागतो, वस्तूला लागत नाही. किराणावाल्याच्या वहीत महिन्याची फक्त बेरीज असावी आणि साखर किती, डाळ किती हे कुठेच लिहिलेलं नसावं, तसा बँकेचा हिशोब असतो. दुकानाचं नाव, गाव, तारीख, वेळ आणि एकूण रक्कम एवढंच तिच्याकडे येतं. बंदुकीच्या दुकानात दीड हजार डॉलर गेले, तर ती शॉटगन होती, तिजोरी होती की दुर्बीण आणि दोन जॅकेटं, हे तिला कळायचा मार्ग नाही.

तांत्रिकदृष्ट्या वस्तूनिहाय माहिती पाठवणं अशक्य आहे, असं मात्र कोणी सांगितलं तर मानू नका. कंपन्यांच्या खरेदी कार्डांसाठी ओळीओळीचा तपशील जातोच. आरोग्यखर्चासाठी वेगळे ठेवलेले करमुक्त पैसे ज्या कार्डावर असतात, ते औषधांच्या दुकानात वापरताना कुठली वस्तू चालते आणि कुठली नाही हे गल्ल्यावरची यंत्रणाच ठरवते. पण ती व्यवस्था उभारायला दुकानदाराला कारण लागतं, आणि बंदूकविक्रेत्याला तसं कारण कोणी दिलेलं नाही.

२०२२ पर्यंत बंदुकीच्या दुकानांना स्वतःचा कोडच नव्हता. ती बहुधा ५९४१ मध्ये, म्हणजे खेळाच्या सामानाच्या दुकानांत, किंवा ५९९९ या किरकोळ, इतरत्र न बसणाऱ्या दुकानांच्या गठ्ठ्यात असायची. ज्या खात्यात टेनिसच्या रॅकेटी, त्याच खात्यात रायफली. न्यू यॉर्कच्या अमाल्गमेटेड बँकेने वेगळ्या कोडसाठी अर्ज केला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयएसओने ५७२३ मंजूर केला. व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्स्प्रेसने लगेच सांगितलं की आम्ही तो लागू करू.

मागणीच्या मुळाशी काही भयंकर घटना होत्या. २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथल्या चित्रपटगृहात १२ जण मारले गेले, २०१६ मध्ये ऑरलँडोच्या नाइटक्लबमध्ये ४९. दोन्ही ठिकाणी मारेकऱ्यांनी शस्त्रं आणि दारूगोळा क्रेडिट कार्डांवर घेतला होता. ऑरलँडोच्या मारेकऱ्याने हल्ल्याआधीच्या काही दिवसांत कार्डांवर २६ हजार डॉलरहून जास्त खर्च केल्याचं पुढे उघड झालं. कोडवाल्यांचा मुद्दा असा की मानवी तस्करीचे व्यवहार बँका ओळखू शकतात, तर हे का नाही? मुद्दा पोकळ नाही. पण अशा माणसाकडे चार बँकांची चार कार्डं असतात आणि प्रत्येक बँकेला फक्त आपलंच कार्ड दिसतं. शिवाय वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानाचा कोड ते हंटिंगच्या विभागात रायफली विकतं म्हणून बदलत नाही, कारण त्याची मुख्य विक्री दुसऱ्याच मालाची. माझ्या मते या कोडच्या आधारे एखादा हल्ला टळण्याची शक्यता अगदी बारीक आहे, आणि शिकारीचा हंगाम सुरू होताना सामान घेणाऱ्या हजारो साध्या माणसांवर लाल खूण पडण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त.

विरोधकांची भीती आपल्याकडून गेलेल्या माणसाला चटकन कळत नाही. भारतात शस्त्र परवाना म्हणजे १९५९ चा शस्त्र कायदा, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त, आणि राष्ट्रीय नोंदीतला विशिष्ट क्रमांक. कोणाकडे काय आहे हे सरकारला माहीत असतं, आणि ते कोणाला खुपतही नाही. अमेरिकेत १९८६ च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्टने केंद्र सरकारला बंदूकधारकांची नोंदवही बनवायलाच मनाई केली आहे. दुकानात तुम्ही जो ४४७३ नंबरचा फॉर्म भरता तो दुकानदाराकडेच राहतो. एफबीआयच्या तपासणीत तुम्ही पास झालात, तर तुमची ओळख पटवणारा तपशील २४ तासांत पुसावा लागतो. बंद पडलेल्या दुकानांचे कागद वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला एटीएफच्या, म्हणजे शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या, केंद्रात जमा होतात. ते स्कॅन केलेले कोट्यवधी कागद नावाने शोधता येणार नाहीत अशाच रीतीने मुद्दाम ठेवलेले आहेत. ज्या देशाने स्वतःचे हात असे बांधून घेतले, तिथे बँकांच्या संगणकात खरेदीदारांची यादी आपोआप तयार होणार म्हटल्यावर आरडाओरडा होणारच होता.

आणि तो झाला. २०२३ च्या सुरुवातीलाच मिसिसिपी, वेस्ट व्हर्जिनिया, आयडाहो, फ्लोरिडा, टेक्सास या राज्यांत विधेयकं आली. मार्च २०२३ मध्ये कार्ड कंपन्यांनी कोडचं काम थांबवलं. पुढच्या वर्षी टेनेसी, जॉर्जिया, केंटकी, आयोवा, युटा वगैरे राज्यं त्याच वाटेने गेली. बंदी घालणाऱ्या राज्यांची संख्या आता डझनाच्या बरीच वर आहे. अनेक ठिकाणी कायद्याच्या नावातच ‘सेकंड अमेंडमेंट’ (शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी घटनादुरुस्ती) आणि ‘फायनॅन्शियल प्रायव्हसी’ हे दोन्ही शब्द आहेत. नाव वाचून वाटतं की तुमचा सगळा बँकव्यवहार कुलुपात गेला.

तुमच्या टेक्सासचा कायदा, एचबी २८३७, १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. पैसे फिरवणाऱ्या कोणीही दुकानाला बंदुकीचा कोड लावू नये आणि दुकानाने तो वापरू नये, असं तो सांगतो. दुकान साधारण विक्रेता किंवा खेळाचं सामान विकणारा, याच खात्यात राहील. कोणी मोडला तर अ‍ॅटर्नी जनरल नोटीस देतो, सुधारायला ३० दिवस मिळतात, आणि तरीही नाही ऐकलं तर प्रत्येक उल्लंघनामागे १० हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. फ्लोरिडातही दंडाचा आकडा तेवढाच आहे. वेस्ट व्हर्जिनिया एक पाऊल पुढे गेलं. निव्वळ बंदुकीच्या कोडकडे बघून व्यवहार नाकारायला आणि त्या कोडशी जोडलेली ग्राहकाची माहिती बाहेर द्यायला तिथे बंधन आहे.

आता समजा तुम्ही कार्डने शॉटगन घेतली. पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट काढून बघा. दुकानाचं नाव ठळक अक्षरांत असेल. आणि बंदुकीच्या दुकानांची नावं काही लाजरीबुजरी नसतात. ‘गन्स’, ‘आर्मरी’, ‘अ‍ॅमो’ यातलं काहीतरी पाटीवर असतंच. ते नाव बँकेच्या संगणकात पहिल्या दिवसापासून आहे आणि त्यावर टेक्सासच्या कायद्याने हात ठेवलेला नाही. बँकेच्या विश्लेषकाला बंदुकीच्या दुकानांची यादी हवी असेल, तर नावांवरून ती एका दुपारी तयार होते. कोडने तेच काम एका ओळीत झालं असतं, एवढाच फरक.

हा फरक क्षुल्लक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बंदीवाल्यांचा खरा आणि सशक्त मुद्दा इथेच आहे, आणि भाषणांत तो क्वचितच येतो. अमुक माणसाने काय घेतलं, असं विचारणं वेगळं. अमुक पिन कोडमधल्या सगळ्या बंदूकखरेदीदारांची यादी द्या, असं विचारणं वेगळं. दुसरा प्रश्न स्वस्त झाला की तो विचारायचा मोह वाढतो. पण तो प्रश्न कोडशिवायही विचारता येतो याचा दाखला आहे. ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरच्या हल्ल्यानंतर अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाने बँकांना व्यवहार कसे चाळायचे याबद्दल जी सामग्री पुरवली, तिच्यात कबेलाज, डिक्स अशा शिकारीचं आणि खेळाचं सामान विकणाऱ्या दुकानांची नावं होती, असं अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने जानेवारी २०२४ मध्ये पुढे आणलं. ऑगस्ट २०२५ मध्ये बँकिंगमधल्या भेदभावाविरुद्ध राष्ट्राध्यक्षांनी जो आदेश काढला, त्यातही कबेलाज आणि बास प्रो शॉप यांचा उल्लेख आहे. २०२१ मध्ये ५७२३ जन्मालाही आलेला नव्हता. नावं पुरेशी होती.

खरं भोक दुसरीकडेच आहे, आणि ते जुनं आहे. १९७६ मध्ये युनायटेड स्टेट्स विरुद्ध मिलर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बँकेकडच्या नोंदी बँकेच्या, तुमच्या नाहीत. त्यामुळे झडतीविरुद्धचं घटनात्मक संरक्षण त्यांना मिळत नाही. (प्रकरण जॉर्जियातल्या बेकायदा दारूच्या भट्टीचं होतं. इतका दूरगामी निकाल इतक्या गावठी प्रकरणातून यावा!) दोन वर्षांनी संसदेने राइट टू फायनॅन्शियल प्रायव्हसी अ‍ॅक्ट करून थोडी मलमपट्टी केली, पण त्यात अपवाद भरपूर आहेत. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल बँक सरकारला देते तेव्हा तुम्हाला सांगत नाही. उलट सांगायलाच बंदी आहे. साधारण ५ हजार डॉलरच्या पुढचा व्यवहार संशयास्पद वाटला की तो अहवाल द्यावाच लागतो, आणि ही केंद्रीय कायद्याची सक्ती असल्याने ऑस्टिनमध्ये बसलेलं टेक्सासचं विधिमंडळ ती काढून घेऊ शकत नाही. २०१८ च्या कार्पेंटर निकालात मोबाइलच्या ठिकाणांच्या नोंदींना संरक्षण मिळालं, पण मिलरला हात लावलेला नाही, हे त्याच निकालात लिहिलेलं आहे. बंदूकधारकांची गुप्तता ज्यांना मनापासून जपायची आहे त्यांनी न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय घाऊक माहिती मागायला बंदी मागायला हवी. पण तसं केलं तर ते संरक्षण सगळ्यांनाच मिळेल, गर्भपाताच्या दवाखान्यात कार्ड वापरणाऱ्या बाईलाही, आणि मग आज टाळ्या वाजवणारे बरेच जण गप्प होतील.

सॅन होजेचं सांगतो. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२३ मध्ये एबी १५८७ मंजूर केला. कार्ड कंपन्यांनी १ जुलै २०२४ पर्यंत ५७२३ उपलब्ध करायचा होता आणि दुकानांच्या बँकांनी १ मे २०२५ पर्यंत तो लावायचा होता. ज्या दुकानाची सर्वांत जास्त विक्री बंदुका, दारूगोळा आणि त्यांच्या जोडसामानाची आहे त्यालाच तो लागतो. कोलोरॅडो आणि न्यू यॉर्कनेही २०२४ मध्ये अशाच सक्तीचे कायदे केले. म्हणजे आज एकाच साखळीच्या दोन दुकानांपैकी सॅक्रामेंटोतलं ५७२३ आणि ह्यूस्टनमधलं ५९४१. आमच्या धंद्यात याचा अर्थ असा की दुकानाचा पत्ता बघून कोड ठरवणारा नियम यंत्रणेत घालायचा, दर अधिवेशनानंतर तो तपासायचा, आणि ऑनलाइन विक्रेत्याचं गोदाम एका राज्यात, नोंदणी दुसऱ्या राज्यात असेल तेव्हा वकिलांना फोन करायचा. पुण्यात बसून अमेरिकन पेमेंट कंपन्यांची कामं करणाऱ्या ज्या कोणाला राज्यांचा हा तक्ता सांभाळावा लागतो, त्याच्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे.

हे दोन्ही तऱ्हेचे कायदे न्यायालयात कितपत टिकतील हाही प्रश्न उघडा आहे. केंद्रीय परवान्यावर चालणाऱ्या राष्ट्रीय बँकांच्या कामात राज्यांनी किती ढवळाढवळ करावी यावर मे २०२४ च्या कँटेरो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट उत्तर द्यायचं टाळलं; प्रत्येक कायदा बँकेच्या अधिकारांत किती अडथळा आणतो ते बारकाईने तपासा, असं सांगून प्रकरण परत पाठवलं. सगळ्या देशासाठी एकच बंदी आणणारं विधेयकही अमेरिकेच्या संसदेत येऊन गेलं आहे. त्यावर विसंबून आज निर्णय घेऊ नका.

तर तुमची खरेदी. रोखीने घेतली तरी ४४७३ भरावाच लागतो आणि तपासणीही होते. त्यामुळे सरकारपासून लपवायला म्हणून रोख देण्यात काही हशील नाही. १० हजार डॉलरच्या वर रोख दिली तर उलट दुकानदारालाच ८३०० नंबरचा फॉर्म भरून करखात्याला कळवावं लागतं. पाच कामकाजी दिवसांत एकाच दुकानातून दोन पिस्तुलं घेतली तर एटीएफला कळवलं जातं, कार्ड असो वा नोटा. टेक्सास, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्निया या सीमेवरच्या चार राज्यांत काही प्रकारच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींनाही तोच नियम आहे. एका शॉटगनला एटीएफला कळवायचे हे नियम लागू नाहीत. कार्डने घेण्याचा एक साधा फायदा आहे: माल सदोष निघाला आणि दुकानदार हात वर करू लागला, तर पैसे परत मागायची वाट राहते. मी कार्डनेच घेतली असती.

कॅलिफोर्नियात जाताना मात्र कोड विसरून दुसऱ्याच गोष्टीकडे बघा. तिथे स्थायिक व्हायला येणाऱ्याने सोबत आणलेल्या बंदुकांची माहिती ६० दिवसांच्या आत राज्याच्या न्यायखात्याला द्यावी लागते. राज्य स्वतः नोंद ठेवतं, लांब बंदुकांची नोंद २०१४ पासून ठेवतं. ज्या यादीची टेक्सासमध्ये सगळ्यांना धास्ती, ती तिथे अधिकृतपणे आहे आणि तुम्हीच तिच्यात आपलं नाव घालणार आहात. शिवाय काही सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन तिथे बंदी असलेल्या ‘असॉल्ट वेपन’च्या व्याख्येत अडकतात; जायचं नक्की असेल तर डबल बॅरल किंवा पंप घ्या, क्लेसाठी डबल बॅरल तशीही उत्तम.

राहिला भाऊ. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात गंभीर भाग हाच, आणि तुम्ही तो जाता जाता लिहिलात. ग्रीन कार्डधारकाला केंद्रीय कायद्याने बंदूक घेता येते. ४४७३ वर एलियन रजिस्ट्रेशन नंबर अचूक लिहा. एच-वन बी आणि एच-फोरसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला मात्र बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे, आणि तो फेडरल गुन्हा आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. बाळगणं म्हणजे नावावर घेणं एवढंच धरलं जात नाही. हाताशी असणं, ताब्यात घेता येणं यावरूनही खटले झाले आहेत. त्यामुळे घरी तिजोरी घ्या, तिचा आकडा भावाला सांगू नका, गोळ्यांचा डबा हॉलच्या कपाटात ठेवू नका. आणि त्याला क्ले शूटिंगला न्यायचं असेल, तर आधी टेक्सासचा हंटिंग परवाना काढावा का, हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्या. त्याचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं आहे.